काकांचा ‘बाबा’ होईपर्यंत

‘सावत्र’ हा शब्द आपल्या भाषेत कोणी कौतुकाने उच्चारल्याचे ऐकिवात नाही. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून खाली ओढणारी सुरुची आपल्याला अक्षरओळख होण्याच्या आधीच भेटलेली असते, आणि मग जन्मभर सावत्र म्हटले की तीच डोळ्यांपुढे उभी राहते.

चिनी आज्याही याबाबतीत आपल्या आज्यांच्या मागे नाहीत. कन्फ्यूशियसचा मिन नावाचा एक शिष्य होता. त्याच्या सावत्र आईने थंडीच्या दिवसांत पोटच्या दोन मुलांच्या अंगरख्यांत कापूस भरला आणि मिनच्या अंगरख्यात नदीकाठच्या बोरूचे तुरे. दिसायला तिन्ही अंगरखे सारखेच जाडजूड, पण मिन आपला कुडकुडतोच आहे! बापाला हा प्रकार कळला तेव्हा तो बायकोला हाकलून द्यायला निघाला. पण मिनच आडवा पडला. ती राहिली तर आपण एकटेच गारठू, ती गेली तर तिन्ही भावंडे गारठतील, असे त्याचे म्हणणे. ही गोष्ट चिनी मुलांना मातृपितृभक्तीचा धडा म्हणून शेकडो वर्षे सांगितली गेली. युरोपातील सिंड्रेलेची कथा पेरोने 1697 साली छापली. पण सावत्र आईच्या जाचातून सुटून राणी झालेल्या ‘ये-श्येन’ नावाच्या मुलीची, हरवलेल्या जोड्यासकट तशीच कथा चीनमध्ये नवव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. थोडक्यात, सावत्रपणाच्या दुःखाला देश नाही.

चीनची मुलगी परक्या माणसाशी लग्न करते म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1941 साली त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि मुलाचे नाव ‘इन्ह्वा’ ठेवले. ‘इन्’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. पण तो संसार चीनच्याच भूमीवर झाला, आणि 1942 च्या डिसेंबरात डॉक्टरांच्या मृत्यूने संपलाही. आज सांगायचे आहे ते नेमके उलट दिशेने गेलेल्या संसारांविषयी. चिनी स्त्री पहिल्या संसारातील मूल बरोबर घेऊन अमेरिकेत येते आणि तिथल्या माणसाशी दुसरा संसार मांडते, अशा घराविषयी.

दाराला लागलेली कुलुपे

अशी घरे अमेरिकेत आज नवलाची राहिलेली नाहीत. पण एके काळी ती उभी राहणेच अशक्य होते. 1875 च्या एका कायद्याने चिनी स्त्रियांना व्यवहारात अमेरिकेचे दार बंद केले. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना. ही बंदी उठली 1943 साली, आणि तीही कशी? साऱ्या वर्षाला अवघे 105 चिनी! 1946 साली अमेरिकन नागरिकांच्या चिनी पत्नींना या संख्येतून वगळले, तेव्हा कोठे बायका येऊ लागल्या. गोऱ्या माणसाने चिनी स्त्रीशी लग्न करणे कॅलिफोर्नियात 1948 पर्यंत बेकायदा होते, आणि साऱ्या देशातून असले कायदे हद्दपार व्हायला 1967 साल उजाडावे लागले.

आज कुलूप निघाले आहे, पण दाराशी कागदांचा ढीग आहे. पत्नीचा अर्ज वेगळा, तिच्या प्रत्येक मुलाचा वेगळा. चीनच्या मुख्य भूमीवरील कोणत्याही गावची मंडळी असोत, स्थलांतराच्या व्हिसासाठी मुलाखत ग्वांगचौ शहरातल्या अमेरिकन वकिलातीत. नवऱ्याने प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचे की, या मायलेकरांचा भार मी सरकारवर पडू देणार नाही. हे प्रतिज्ञापत्र मोठे चिवट असते. उद्या घटस्फोट झाला तरी ते सुटत नाही! लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीन कार्डही सुरुवातीला दोन वर्षांच्या बोलीवर मिळते. मुदत संपताना संसार खरोखरीचा आहे याचे पुरावे पुन्हा सादर करायचे.

या कायद्यात एक ओळ अशी आहे की, तिच्यापायी कित्येक आयांची झोप उडते. लग्नाच्या दिवशी मूल 18 वर्षांच्या आतले असेल, तरच ते नवऱ्याचे ‘सावत्र मूल’ ठरते. सतरा वर्षे अकरा महिन्यांचे चालेल, अठरा पूर्ण झालेले चालणार नाही. मग मुहूर्त पंचांगावरून ठरत नाही, मुलाच्या जन्मतारखेवरून ठरतो. आणि थोरल्याची तारीख उलटून गेली असेल तर धाकट्याला घेऊन विमानात बसायचे की दोघांपाशी राहायचे, हा निर्णय त्या माउलीला करावा लागतो.

चार माणसे, तीन आडनावे

आता एक प्रातिनिधिक घर डोळ्यांपुढे आणा. नवरा अमेरिकन, घटस्फोटित. त्याची चौदा वर्षांची मुलगी शनिवार-रविवार येते. बायको चिनी, बरोबर बारा वर्षांचा मुलगा. दारावरच्या पत्रपेटीवर तीन आडनावे! कारण चिनी स्त्री लग्नानंतर आडनाव बदलत नाही. चीनच्या 1950 च्या विवाह कायद्यानेच नवरा-बायको दोघांनाही आपापले आडनाव राखण्याचा हक्क दिला. मुलाचे आडनाव त्याच्या जन्मदात्याचे. शिवाय चिनी माणूस आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितो. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटात मुलाचा उलटासुलटा होतो तो वेगळाच.

पहिली लढाई होते ती पाण्यावरून. अमेरिकन माणसाला पाण्यात बर्फ हवा, तेही डिसेंबरात. चिनी बाईला पाणी हवे ते उकळून गरम केलेले, तेही जूनमध्ये. थंड पाण्याने पोट बिघडते ही तिची श्रद्धा, आणि गरम पाणी फक्त आजारी माणसाने प्यावे ही त्याची. दुसरी लढाई न्याहारीची. तिच्या मुलाला सकाळी तांदळाची पातळ खिमट लागते. आपल्या कोकणातली पेजच ती. इंग्रजीत तिला ‘काँजी’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या दक्षिणेतील तमिळ ‘कंजी’वरून गेलेला आहे. नवऱ्याच्या मुलीला त्याच वेळी थंड दुधात बुडवलेले कुरकुरीत पोहे हवे असतात. एका टेबलाशी दोन न्याहाऱ्या मांडाव्या लागतात, आणि काही महिन्यांनी पाहावे तर मुलगा दुधातले पोहे खातो आहे आणि मुलगी पेजेत लोणच्याचे तुकडे शोधते आहे!

या लढायांत कोणी जखमी होत नाही. खरी जखम होते ती शब्दांनी, आणि तीही वाईट शब्दांनी नव्हे. अमेरिकन नवरा उठता-बसता ‘थँक यू’ म्हणतो. चिनी रीत अशी की, आभार मानायचे ते परक्यांचे. घरच्या माणसाने पाण्याचा पेला दिल्याबद्दल आभार मानले तर आपल्याला दूर लोटल्यासारखे तिला वाटते. आपल्या आईने वाढलेल्या पोळीबद्दल आपण कधी आभार मानले आहेत का? तसेच ते. उलट ती प्रेम व्यक्त करते ते त्याच्या ताटलीत न विचारता मासळीचा चांगला तुकडा ठेवून. त्याला वाटते, आपल्या पुढ्यातले आपले आपण घेऊ की! प्रेम दोन्हीकडे आहे. फक्त एक बाजू ते तोंडाने देते आणि दुसरी काड्यांनी वाढते.

हाक काय मारायची?

पण सर्वांत अवघड प्रश्न हाकेचा. अमेरिकेत सावत्र आईला, सावत्र बापाला मुले सर्रास नावाने हाक मारतात; त्यात अवमान नाही. नवऱ्याच्या मुलीने पहिल्याच दिवशी नव्या आईला नावाने हाक मारली की चिनी बाईला चपराक बसल्यासारखे होते, कारण तिच्या देशात मोठ्यांचे नाव घेणे हा उद्धटपणा. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या आज्यांची आपण नातवंडे. तिचे दुःख आपल्याला समजावून सांगायला नको. आणि तिचा मुलगा? सावत्र बापाने मोठ्या आपुलकीने सांगितलेले असते, “मला नावानेच हाक मार.” मुलाच्या घशातून ते नाव बाहेर पडत नाही. मग तो हाकच मारत नाही. जवळ येऊन उभा राहतो, खाकरतो. बापाला वाटते, पोरगा घुमा आहे. पोरगा घुमा नसतो. त्याला शब्द सापडत नसतो.

वास्तविक नात्यांच्या शब्दांत चिनी भाषा आपल्याइतकीच श्रीमंत आहे. इंग्रजीत सगळे ‘अंकल’. चिनीत मामा वेगळा, बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. आत्या आणि मावशी यांचीही गल्लत होत नाही. मराठी कानाला त्यांतले काही शब्द मोठी मौज वाटतील. चिनी मूल बापाला ‘बाबा’ म्हणते, आईला चक्क ‘मामा’, आणि ‘दीदी’ म्हणजे धाकटा भाऊ! धाकट्या काकाला म्हणतात ‘शूशू’. हसू नका, तो शब्द तिकडे भारदस्त आहे. आईच्या वयाच्या कोणत्याही बाईला, मावशीला म्हणावे तसे, म्हणतात ‘आयी’.

या दोन शब्दांनीच अनेक घरे सावरली जातात. मुलगा सावत्र बापाला ‘शूशू’ म्हणू लागतो आणि मुलगी सावत्र आईला ‘आयी’. मान राखला जातो आणि कोणाची जागाही कोणी बळकावत नाही. कारण ‘बाबा’ या शब्दाचा धनी चीनमध्ये हयात असतो. कॅलिफोर्नियातले घर असेल तर उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता चीनमध्ये रविवारचे सकाळचे दहा वाजलेले असतात. त्या वेळी फोनच्या पडद्यावर आजी येते, आजोबा येतात, कधी तो बापही येतो. अशा वेळी शेजारच्या खोलीतून “आता मला बाबा म्हण” असा आग्रह झाला, तर त्या मुलाने कोणाला खोटे पाडायचे?

ज्याची सही कोणी घेतली नाही

या साऱ्या प्रवासात आईने अर्ज केला, नवऱ्याने प्रतिज्ञापत्र दिले, सरकारने शिक्का मारला. मुलाला विचारले असेल, नसेल. पण सर्वांत जास्त सोडून आला तो तोच. चीनमध्ये 1980 पासून 2015 पर्यंत बहुतेक घरांत एकच मूल असण्याचा कायदा होता. त्या काळातला मुलगा म्हणजे दोन आज्या, दोन आजोबा आणि आईबाप अशा सहा माणसांचे एकुलते एक लाडके. सख्खे भावंड त्याने पुस्तकातच पाहिलेले. तो इथे आला की सहांची दोन माणसे होतात आणि शनिवार-रविवारी एक बहीण टपकते, जिच्याशी स्नानघरासाठी भांडावे लागते.

शाळेत तर तो एकाएकी मुका होतो. गणितात वर्गाच्या पुढे, पण गणितातले शब्द वाचता येत नाहीत. या मुलांची बाजू घेऊन सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी दावा लावला होता. त्या शहरात सुमारे 1,800 चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीसाठी काहीच मदत मिळत नव्हती. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, न समजणाऱ्या भाषेत सर्वांना सारखे पुस्तक देणे म्हणजे सारखे शिक्षण देणे नव्हे. तेव्हापासून अशा मुलांसाठी शाळांना वेगळी सोय करावी लागते.

वर्ष-दीड वर्षात मुलगा आईच्या पुढे जातो. मग दवाखान्यात, बँकेत, शाळेत तोच तिचा दुभाषी. शिक्षिका त्याची तक्रार सांगते आणि तोच ती आईला चिनीत समजावतो. भाषांतर किती इमानदार होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी! पण यातला गंभीर भाग असा की, तेरा वर्षांचे पोर घराचे वडीलधारे होऊन बसते. म्हणून नवऱ्याने शहाणपणाने करायची गोष्ट म्हणजे चार चिनी शब्द स्वतः शिकणे. ते सोपे नाही. एकच ‘मा’ चार सुरांत म्हटला तर आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात, आणि नवशिक्या जावई सासूबाईंना घोड्याच्या पंक्तीला नेऊन बसवतो. घरात हशा पिकतो. त्या हशात मुलाला प्रथमच कळते की, या घरात भाषा चुकणारे आपण एकटेच नाही.

कायद्यानेही एक गोष्ट नीट ओळखली आहे. अमेरिकन सावत्र बापाचे नागरिकत्व, त्याने दत्तक घेतल्याखेरीज, मुलाकडे आपोआप येत नाही. आई नागरिक झाली आणि ग्रीन कार्ड असलेले मूल तेव्हा 18 वर्षांच्या आत तिच्या ताब्यात व तिच्यापाशी राहत असले, की ते तिच्यामागून नागरिक होते. नाते लग्नाने जोडता येते, पण मुलाचा हात अजून आईच्याच हातात असतो. शहाणा सावत्र बाप तो सोडवायला जात नाही.

पुढे कधी या घरात पाळणा हलला तर आपल्याकडच्या बाळंतिणीसारखेच सारे होते. महिनाभर थंड पाणी बंद, वारा बंद, आल्याचे कढत सूप. आणि मग एक नवल घडते. पाळण्यातला ‘दीदी’ दोघांचाही धाकटा भाऊ असतो. मुलाचाही आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलीचाही. इतके दिवस ज्यांचे एकमेकांशी रक्ताचे काहीच नव्हते, त्यांच्यामध्ये आता एक माणूस उभा राहिला. चिनी मध्यशरद पौर्णिमा बहुधा आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येते. 2025 साली दोन्ही 6 ऑक्टोबरला एकाच रात्री आल्या. त्या पौर्णिमेला घरातल्या सर्वांनी एकत्र बसून चंद्र पाहायचा आणि गोड करंजीवजा पोळी वाटून खायची, अशी तिकडची रीत. पोळीचे तुकडे किती करायचे हे मोजताना त्या घराला आपली माणसे किती, हे नव्याने कळत असावे.

आपल्याकडेही आता दुसरे विवाह होतात, मुलांसकट होतात, आणि त्यांत चीन-अमेरिकेइतके अंतर नसले तरी दोन घरांचे अंतर असतेच. तिथल्या अनुभवातून घेण्यासारखे एवढेच, की हाक मागून मिळत नाही. काही मुले पाच वर्षांनी ‘बाबा’ म्हणतात, काही जन्मभर ‘शूशू’च म्हणतात. पण परीक्षेत नापास झाल्याचे आईच्या आधी ज्याला सांगावेसे वाटते, पंक्चर झालेली सायकल ज्याच्यापुढे आणून उभी करावीशी वाटते, तो शूशू असला म्हणून त्याचे काय अडले?