कॉफीचा चोथा : माल फुकटचा, पण वापर बेताने

हॉटेलच्या धंद्यात कॉफीचा चोथा रोज निघतो आणि रोज कचऱ्यात जातो. तो झाडांना उत्तम खत आहे असे हल्ली जो तो सांगतो. नर्सरीवाले तो मागून नेतात, काही हॉटेलवाले पाकिटात भरून विकण्याचा विचार करतात. या फुकटच्या मालात खरोखर किती दम आहे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण चुकीच्या वापराने रोपे बसतात आणि नुकसान नर्सरीवाल्याच्या गल्ल्यातून जाते.

आधी हिशेब पाहू. वाळलेल्या चोथ्यात नत्र साधारण दोन टक्के असते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 21 किलो नत्र असते. तेवढेच नत्र चोथ्यातून मिळवायचे तर हजार किलोहून अधिक वाळलेला चोथा लागेल, आणि तेही झाडाला लगेच मिळत नाही. चोथा कुजावा लागतो, तेव्हा कुठे ते सुटते. स्फुरद आणि पालाश तर त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा चोथा म्हणजे युरियाची गोणी नव्हे. तो खताच्या ढिगात घालण्याचा कच्चा माल आहे.

खरा धोका कच्चा चोथा थेट कुंडीत घालण्यात आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल अशी पाच पिके त्यांनी चोथा मिसळलेल्या मातीत लावली. पाचांचीही वाढ खुंटली. माती वेगवेगळ्या प्रकारची घेतली, वरून खत दिले, तरी फरक पडला नाही. दोष मातीच्या आंबटपणाचा किंवा नत्राच्या टंचाईचा नसून चोथ्यातच रोपांना मारक द्रव्ये असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मातीत पाणी मात्र जास्त टिकले आणि तणही कमी उगवले. जे तणाला दाबते ते मेथी-कोथिंबिरीच्या कोंबालाही सोडत नाही, हे उघड आहे.

'कॉफी आंबट, म्हणून गुलाबाला चांगली' हेही डोळे मिटून मानू नये. आम्ल बरेचसे पेयातच उतरते. उरलेला चोथा पुष्कळदा जवळजवळ उदासीन निघतो. शिवाय बारीक चोथ्याचा जाड थर कुंडीत टाकला की तो वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी वरूनच वाहून जाते.

मग करावे काय? कुजवावे. खताच्या ढिगात चोथा पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. दहा घमेली मालात दोन घमेली चोथा, पाच घमेली सुका पालापाचोळा, दोन घमेली शेण आणि एक घमेले लाकडाचा भुसा, असे प्रमाण आम्हांला ठीक वाटते. भुसा शेजारच्या सुताराकडून मिळेल. मात्र तो साध्या लाकडाचा असावा, प्लायवूडचा नको, त्यात डिंकासारखी रसायने असतात. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा, आठ-दहा दिवसांनी उलटावा. आपल्या हवेत तीन महिन्यांच्या आसपास खत तयार होते. खात्री करायची तर थोड्या खतात मुठभर मेथी पेरून पाहावी. ती एकसारखी उगवली तर माल तयार, तुरळक उगवली तर ढीग आणखी मुरू द्यावा.

माल गोळा करतानाही तारतम्य लागते. फिल्टर कॉफीच्या चोथ्यात दूध-साखर नसते, कारण दूध नंतर पडते. आपल्या चहाची गोष्ट उलटी. तो दूध-साखरेतच उकळतो, म्हणून चहाचा चोथा दोन पाण्यांतून धुतल्याशिवाय वापरू नये, नाहीतर मुंग्या आणि वास. झटपट कॉफीचा चोथा निघतच नाही. ओला चोथा दोन दिवसांत बुरसतो, म्हणून त्याच दिवशी गोणपाटावर पसरून वाळवावा. कुत्री फिरतात तेथे तो उघडा टाकू नये, कॅफिन त्यांना विषासमान आहे.

बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगितली जाते. त्या बियांच्या वारशातला हा चोथा पाकिटात भरून विकायचा असेल तर एक गोष्ट आधी पाहावी. 'खत' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू होतो, आणि त्यात सेंद्रिय खतांचीही मानके ठरवलेली आहेत. म्हणून छपाईची ऑर्डर देण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारावे. नर्सरीवाल्याला कच्चा माल म्हणून चोथा द्यायचा असेल, तर गोणीवर 'कुजवून वापरा' एवढे ठळक लिहून द्यावे.