डीबगर ‘चालतो’ म्हणजे नेमकं काय चालतं?

एम्बेडेड सिस्टीम्समध्ये संशोधन करायचं ठरवलेले विद्यार्थी हमखास विचारतात, “हा डीबगर माझ्या प्रोसेसरला चालेल का?” उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात हवं असतं. अडचण अशी की या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, आणि चारही ठिकाणी ‘हो’ आलं तरच तुमचा प्रयोग पुढे सरकतो. विभागातली खरेदी म्हणजे कोटेशन, मंजुरी, बिलं. चुकीचं उपकरण आलं तर त्यात एक सेमिस्टर सहज जातं. म्हणून हे चार प्रश्न खरेदीआधीच समजून घेऊ.

१. तारा जुळतात का?

जेटॅग हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. मुळात ते प्रोग्राम तपासण्यासाठी नव्हतं, सर्किट बोर्डवरचे सोल्डरचे जोड तपासण्यासाठी होतं. १९९० मध्ये ते आयईईई ११४९.१ हे मानक झालं. टीसीके, टीएमएस, टीडीआय आणि टीडीओ हे त्याचे चार मुख्य सिग्नल. पुढे याच वाटेने प्रोसेसर थांबवणं, रजिस्टर वाचणं सुरू झालं. पण सगळेच चिप ही वाट वापरत नाहीत. आर्मच्या कोर्टेक्स-एम चिपवर बहुधा दोन तारांचं एसडब्ल्यूडी असतं. अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी डीबगवायर वापरतो, तेही रीसेटच्या एकाच पिनवरून. एमएसपी४३० मध्ये स्पाय-बाय-वायर असतं. शिवाय व्होल्टेज बघा: बोर्ड १.८ व्होल्टचा आणि प्रोब फक्त ३.३ व्होल्टचा असेल, तर तारा बरोबर जोडूनही चिप खराब होऊ शकतो.

२. भाषा जुळते का?

तारा म्हणजे फक्त रस्ता. त्यावरून काय बोलायचं हे प्रोसेसरची डीबग रचना ठरवते. जीडी३२एफ१०३ आणि जीडी३२व्हीएफ१०३ ही जोडी घ्या. नावात एका अक्षराचा फरक, पिनांची मांडणीही जुळती. पण पहिल्यात आर्मचा कोर्टेक्स-एम३ आहे आणि दुसऱ्यात रिस्क-फाइव्ह. एसटी-लिंकचं फर्मवेअर कोर्टेक्स-एम आणि एसटीएम८ समोर ठेवून लिहिलेलं आहे. त्यामुळे तो दुसऱ्या चिपशी बोलू शकत नाही, कनेक्टर कितीही नीट बसला तरी.

यावरून ‘आर्म म्हणजे एसडब्ल्यूडी, रिस्क-फाइव्ह म्हणजे जेटॅग’ असं पाठ करू नका. रास्पबेरी पाय पिको २ वरच्या आरपी२३५० चिपमध्ये आर्म आणि रिस्क-फाइव्ह असे दोन्ही प्रकारचे कोअर आहेत, आणि दोन्हींपर्यंत एसडब्ल्यूडीवरूनच पोहोचता येतं. म्हणजे रस्ता आणि भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत.

३. हा विशिष्ट चिप माहीत आहे का?

कोअर थांबवता आला म्हणजे फ्लॅशमध्ये प्रोग्राम लिहिता येईलच असं नाही. कोअर आर्मचा असला तरी फ्लॅश कंट्रोलर चिप बनवणाऱ्याचा असतो, आणि त्याची रीत सॉफ्टवेअरला माहीत असावी लागते. कुलूपही याच पातळीवर लागतं. एसटीएम३२एफ४ मध्ये रीड-आउट प्रोटेक्शनचा स्तर २ एकदा लावला की डीबगची वाट कायमची बंद होते. मग डीबगर कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. सेकंड-हँड बोर्ड घेताना हे लक्षात ठेवा.

४. तुम्हाला जे बघायचंय ते दिसतं का?

संशोधनात सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात उशिरा विचारला जाणारा प्रश्न हाच. कोर्टेक्स-एम०+ मध्ये जास्तीत जास्त ४ हार्डवेअर ब्रेकपॉइंट असतात. एसडब्ल्यूओवरून चालत्या प्रोग्रामची माहिती बाहेर काढायची सोय त्यात नाहीच, ती कोर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये मिळते. म्हणजे मर्यादा डीबगरची नाही, चिपची आहे. तुमचा विषय मोटर कंट्रोल किंवा शेड्युलिंगचा असेल तर प्रोसेसर थांबवून घेतलेलं निरीक्षण फारसं कामाचं नाही, कारण थांबवल्याबरोबर वेळेचं गणितच बदलतं. तिथे ट्रेस लागतो. त्यासाठी चिपमध्ये ती सोय, बोर्डवर त्या पिना आणि ट्रेस वाचणारा प्रोब, तिन्ही हवेत.

एरर नीट वाचा

ओपनओसीडी हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेकांना वापरावं लागतं. डोमिनिक राथ यांनी २००५ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे आपल्या डिप्लोमा प्रबंधासाठी ते सुरू केलं. त्यात प्रोबची फाइल वेगळी आणि टार्गेटची वेगळी असते, वरची विभागणी तिथे उघड दिसते.

समजा एसटीएम३२एफ१०३ ची फाइल लावली आणि ‘अनएक्स्पेक्टेड आयडीकोड’ असा संदेश आला. अपेक्षित होतं १बीए०१४७७, मिळालं २बीए०१४७७. घाबरून तारा उपटू नका! इतका नीट आकडा आला याचाच अर्थ तारा बरोबर आहेत. शेवटच्या ४७७ मध्ये आर्मचा संकेत आहे, म्हणजे भाषाही बरोबर. बदललाय तो पहिला अंक, म्हणजे डीबग पोर्टची आवृत्ती. याचा अर्थ एवढाच की समोरचा चिप तुम्ही समजताय तो नाही. एकतर बोर्ड दुसऱ्याच चिपचा आहे, किंवा चिप नकली आहे.

बरेच जण फाइलमधला अपेक्षित आकडा बदलतात, एलईडी लुकलुकतो आणि विषय संपतो. छंद म्हणून ठीक आहे. पण तुम्ही त्या बोर्डवर वेळ आणि वीजवापर मोजून प्रबंधात ‘एसटीएम३२एफ१०३’ असं लिहिणार असाल, तर ती मोजमापं दुसऱ्याच चिपची असतील. दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणी अस्सल चिप घेऊन तोच प्रयोग केला की आकडे जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हे कुणालाच कळणार नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागदावर लिहा की मला नेमकं काय मोजायचंय. मग चिपच्या रेफरन्स मॅन्युअलमधलं डीबगचं प्रकरण वाचा. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या टार्गेटची फाइल आहे का ते बघा. प्रोब निवडायचा तो सगळ्यात शेवटी. आणि पहिल्याच दिवशी मिळालेला आयडीकोड, प्रोबचं फर्मवेअर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती वहीत तारखेसह नोंदवून ठेवा. तीन ओळींचं काम आहे, पण व्हायव्हाला “हे आकडे नक्की कोणत्या चिपचे?” असं विचारलं की याच तीन ओळी कामी येतात.