तेच औषध, पाणी वेगळं

भंडारा जिल्ह्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, साखळीने बांधलेले आहेत. वरच्या बांध्यांतलं पाणी खालच्या तलावात उतरतं आणि धानावरच्या फवारणीचा अंशही सोबत येतो. तो किती टिकेल, हे बरंचसं पाण्याच्या सामूवर (pH) अवलंबून असतं. प्रयोगशाळेत मॅलॅथिऑन हे कीटकनाशक निम्मं व्हायला सामू ५ असताना सुमारे १०७ दिवस लागतात, ७ असताना ६ दिवस, आणि ९ असताना जेमतेम १२ तास. कार्बारिल निम्मं व्हायला ७ वर बारा दिवस लागतात, तर ९ वर तीनेक तास.

हिरवट, शेवाळलेल्या तलावात तर सामू एकाच दिवसात हलतो. शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पहाटे ७ च्या आसपास असलेलं पाणी दुपारी ९ पर्यंत चढू शकतं. नमुना कधी घेतला, हे म्हणूनच लिहायला हवं.

मग चुना टाकून सामू वाढवला की काम झालं? तसं नाही. ट्रायक्लोरफॉन अल्कधर्मी पाण्यात मोडून डायक्लोरव्हॉस होतं, आणि ते जास्त जहाल. भारतात आता दोन्हींवर बंदी आहे. उलट, धानातल्या तणांवरचं २,४-डी आम्लधर्मी पाण्यात माशांना अधिक बाधतं, कारण त्याचे विद्युतभाररहित रेणू कल्ल्यांतून सहज आत शिरतात. इमिडाक्लोप्रिड सामूला फारशी दाद देत नाही. त्याला ऊन फोडतं, पण गढूळ पाण्यात ऊन खोलवर पोचत नाही.

सामू काहीही असो, फवारणीचा पंप तलावात धुऊ नका.