कळफलकासाठी चामड्याचा मनगटटेकू

टंकलेखनयंत्रावर काम करणाऱ्यास प्रत्येक ओळीच्या शेवटी गाडा मागे सारण्याकरिता हात उचलावाच लागे. संगणकाने हा सक्तीचा विसावा नाहीसा केला. तासन्‌तास एकाच ठेवणीत राहून हात थकला, म्हणजे मनगट आपसूक मेजावर टेकते आणि बोटे उंच कळांवर असल्यामुळे ते मागे वाकते. मनगटाची हाडे व त्यांवरील घट्ट अस्थिबंध यांच्यामधील अरुंद बोगद्यातून बोटे वळविणाऱ्या नऊ कंडरा आणि अंगठा व त्यालगतच्या बोटांना संवेदना पुरविणारा मुख्य मज्जातंतू जातो. मनगट वाकले, किंवा त्यावर खालून भार पडला, की या बोगद्यातील दाब वाढतो. असे दीर्घकाळ होत राहिल्यास बोटांना मुंग्या येऊ लागतात व पुढे बधिरता जाणवते.

टेकूचे प्रयोजन मनगट मागे वाकू न देणे हे होय. मात्र त्याचे नाव थोडे फसवे आहे. त्यावर मनगट नव्हे, तर तळहाताचा मनगटालगतचा मांसल भाग ठेवावयाचा असतो आणि तोही लिहिताना नव्हे, थांबल्यावर. चुकीच्या उंचीचा टेकू नसलेल्या टेकूपेक्षा वाईट. म्हणून कारागिराकडे मागणी नोंदविताना रंगाआधी माप ठरले पाहिजे.

कळफलकाच्या पुढील कडेची मेजापासूनची उंची मोजावी. मागचे पाय उघडून काम करण्याची सवय असेल, तर ते उघडूनच. ठोकळेबाज कळफलकात ही उंची बहुधा दोन सेंटिमीटरांच्या आसपास भरते, चपट्यात पुष्कळच कमी. लांबी अंकांच्या कळांसह सुमारे ४४ सेंटिमीटर, त्यांवाचून सुमारे ३६; तरीही कागदावर कळफलकाची बाह्यरेषा काढून तोच कागद पाठविणे उत्तम. चूक सहसा होते ती जाडीत. आतील लाकडी पट्टी १८ मिलिमीटर आणि चामडे २ मिलिमीटर असेल, तर वर व खाली दोन्ही बाजूंस चामडे आल्यावर तयार टेकू २२ मिलिमीटर होतो. मागणीपत्रात म्हणूनच ‘तयार वस्तूची उंची’ असे स्पष्ट लिहावे.

चामड्याची निवड रसायनशास्त्राशी निगडित आहे. जगातील बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते मऊ असते व पाण्याला बऱ्यापैकी तोंड देते. हिरडा, बाभळीची किंवा तरवडाची साल यांतील टॅनिनने कमावलेले चामडे अधिक ताठ असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने याच जातीचे. ओले करून पट्टीवर ताणून बसविले, तर वाळल्यावर ते तो आकार धरून ठेवते, आणि टेकूला हाच गुण हवा. हाताचे तेल व ऊन लागून ते गडद होत जाते. पुष्कळांना हा रंगबदल आवडतो. ज्यांस नको, त्यांनी आधीच गडद रंग मागावा. रंगाचा तुकडा नमुन्यादाखल मागवून ओलसर पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावा. फडके रंगले, तर बाह्याही रंगतील.

आतील भरणीसाठी लाकूड किंवा बूच टिकाऊ. स्पंज आरंभी सुखद वाटतो, पण कालांतराने दबतो आणि काळजीपूर्वक घेतलेले माप व्यर्थ जाते. खिळे लागल्यास पितळेचे असावेत, कारण लोखंड, ओलावा आणि टॅनिन एकत्र आले की निळसर-काळा डाग उमटतो. जुन्या काळची शाई याच क्रियेने बनत असे. शिवण हाताच्या वाटेत येता कामा नये. ती बाजूस वा तळाशी घ्यावयास सांगावी, आणि हाताकडील कड गोल करून मागावी. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी घातलेला हातटाका महाग पडतो खरा, परंतु एक टाका तुटला तरी शेजारचे सहजी उसवत नाहीत. यंत्राच्या शिवणीत तशी खात्री नसते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, चामड्यावर बुरशी धरते. अशा वेळी टेकू कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. उन्हात वा तापलेल्या यंत्राजवळ वाळविल्यास चामडे आखडते आणि कडेची शिवण ताणली जाते.