मेथीचा वाफा आणि विम्याची पॉलिसी

मंडळी, इंग्लंडात येऊन शिक्षण झालं, नोकरी लागली, घर झालं, तरी आमच्या घरातली एक तक्रार काही मिटत नव्हती. दुकानातल्या मेथीला चव नाही! शेवटी सौ.च्या आग्रहाखातर आम्ही कौन्सिलच्या यादीत नाव घातलं आणि काही वर्षं वाट पाहिल्यावर आम्हाला अलॉटमेंटचा तुकडा मिळाला. मेथी, कोथिंबीर, मुळा झकास येतो. अळूची पानंही एका उन्हाळ्यात वडीपुरती निघाली.

नवीन मंडळींसाठी थोडी माहिती. १९०८ च्या कायद्यानुसार इथल्या कौन्सिलांवर, मागणी असेल तर, भाजीपाल्यासाठी जमीन भाड्याने देण्याची जबाबदारी आहे. दहा रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, हे पूर्वापार चालत आलेलं माप. पुष्कळ ठिकाणी कौन्सिल सगळी जागा सभासदांच्या सोसायटीला भाडेपट्ट्याने देते आणि सोसायटी कारभार पाहते. आमचीही तशीच. इंजिनियर म्हटल्यावर पाण्याच्या पाइपांची कामं आमच्या गळ्यात पडली आणि त्यामागून कमिटीही आली.

एका वार्षिक सभेत खजिनदारबाईंनी सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचा हप्ता मांडला. प्रत्येक प्लॉटमागे तीन पौंड पडत होते. आम्ही ताडकन उभे राहिलो. म्हटलं, इथे इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलेलंही नाही, शक्यता अगदी नगण्य, त्या पैशात नवी टाकी येईल. टाळ्याही पडल्या. पण भाडेपट्ट्यातच विम्याची अट आहे, हे बाईंनी कागद उघडून दाखवलं आणि आमची सूचना थोड्या मतांनी पडली. आम्ही जरा घुश्श्यातच घरी आलो.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांचा नातू चेंडूमागे धावत एका रिकाम्या प्लॉटवर गेला. ब्लॅकबेरीच्या जाळीत कुणीतरी सोडून दिलेल्या जुन्या काचा होत्या. पोटरीला खोल जखम झाली, टाके पडले, एक शिर दुखावली. त्या काचा आम्ही वसंतातच पाहिल्या होत्या. उचलू म्हणून राहून गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपल्याकडची रीत म्हणून पत्र लिहायला बसलो: चूक आमचीच, सगळा खर्च सोसायटी देईल. सकाळी बाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी कागद हातातून काढूनच घेतला. "भेटायला अवश्य जा, वाईट वाटलं म्हणून सांगा. पण जबाबदारी कबूल करू नका, पैशांचं वचन देऊ नका. आधी विमा कंपनीला कळवायचं." हा निर्दयपणा नव्हे, हे नंतर समजलं. २००६ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये नुसती दिलगिरी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. मात्र परस्पर कबुली दिली किंवा उशिरा कळवलं, तर पॉलिसीच्या अटी मोडतात आणि कंपनी हात वर करू शकते.

काही आठवड्यांनी सॉलिसिटरचं पत्र आलं. आजोबा आमच्याकडे बघेनात. तेव्हा आम्ही कायदा वाचायला घेतला आणि घाम फुटला. आमची सोसायटी नोंदणीकृत कंपनी नव्हे. कायद्याच्या नजरेत तिला स्वतंत्र अस्तित्वच नाही. म्हणजे विमा नसता तर दावा कमिटीवरच्या माणसांवर, आणि वेळ आली तर त्यांच्या राहत्या घरांपर्यंत! १९५७ च्या कायद्याप्रमाणे जागा ज्याच्या ताब्यात, त्याने येणाऱ्याजाणाऱ्याची वाजवी काळजी घ्यायची. मुलं मोठ्यांइतकी सावध नसतात, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १९८४ च्या कायद्याने तर न विचारता आत शिरलेल्याबद्दलही, धोका ठाऊक असल्यास, काही जबाबदारी येते. ज्याचा त्याचा प्लॉट ज्याचा तो सांभाळतो, पण वाटा, फाटक, पाण्याच्या टाक्या आणि रिकामे प्लॉट आमच्याकडे सोसायटीच्या गळ्यात.

आमचं गणित कुठे चुकलं? धोका मोजताना शक्यतेला परिणामाने गुणायचं असतं, हे आम्ही कारखान्यात रोज करतो. सभेत मात्र नुसती शक्यता पाहिली.

आपल्यापैकी बरेच जण अशा कमिट्यांवर आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. पॉलिसीत सभासदाने सभासदावर केलेला दावा येतो का, ते पाहा. पुष्कळदा जखमी होणारा आपलाच सभासद असतो. ओपन डे, होळी, जादा भाजीची विक्री यांतलं काही करत असाल तर आधीच कळवा. २०१५ च्या विमा कायद्याप्रमाणे महत्त्वाची माहिती प्रामाणिकपणे मांडणं आपलं काम आहे. पगारी माणूस ठेवलात तर १९६९ च्या कायद्याने मालकाच्या दायित्वाचा वेगळा विमा सक्तीचा होतो, किमान ५० लाख पौंडांचा. आणि शेडमधली चोरीला गेलेली अवजारं या दायित्वाच्या विम्यात येत नाहीत, उगाच आशा धरू नका.

शिवाय दर महिन्याला जागेवरून फेरी मारा आणि वहीत तारखेनिशी नोंद करा. जुन्या वह्या, जुन्या पॉलिसी टाकू नका. शारीरिक इजेच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण लहान मुलाच्या बाबतीत ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात.

आमचं प्रकरण विमा कंपनीने मिटवलं. मूल लहान म्हणून तडजोडीला कोर्टाची मंजुरी घ्यावी लागली. रक्कम सांगत नाही, पण आमच्या घराचं कर्ज अजून फिटायचं आहे, एवढं ध्यानात घ्या. पोराचा पाय बरा झाला, व्रण मात्र राहिला. तो दिसला की त्या काचा आठवतात. पॉलिसीने पैसे दिले, काचा उचलायचं काम मात्र आमचंच होतं.

आजोबा पुष्कळ दिवस अबोल होते. मग एका रविवारी सौ. मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्यांच्या शेडपाशी गेली. त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या रविवारी आमच्या फाटकाला बीन्सची पिशवी अडकवलेली होती.

यंदाच्या सभेत हप्त्याचा ठराव आम्हीच मांडला. टाळ्या काही पडल्या नाहीत, पण एकही हात विरोधात वर झाला नाही.