पांझरेकाठचे फड

साक्री तालुक्यात पांझरा आणि कान नद्यांवर काही शतकांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत. त्यांतून निघणारा पाट शेतांना पाणी पुरवतो. जास्तीचे पाणी सांडीतून नदीत परतते. पाटाखालची जमीन बहुधा तीन-चार फडांत विभागलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाटकरी पाटाची निगा राखतो, जागल्या शेतात पाणी भरतो आणि राखणही करतो. पूर्वी त्यांना मोबदला धान्यात मिळे.

पद्धतीची खरी खुबी टंचाईत दिसते. पाणी कमी पडणार असे दिसले की एखादा फड पडीक ठेवायचा. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तोटा कोणा एकावर पडत नाही. पुढे विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला धरणे झाली आणि अनेक फड मोडले.