संसद, धोरण आणि आपली ग्रामपंचायत

'सरकारने असे ठरवले', 'दिल्लीने तसे ठरवले', असे आपण सहज म्हणून जातो. ते अगदीच खोटे नाही. धोरणाचा मसुदा बहुधा मंत्रालयात तयार होतो, मंत्रिमंडळ त्याला मान्यता देते आणि मंत्रीच विधेयक सभागृहापुढे मांडतो. मग प्रश्न असा येतो की, सारे जर सरकारच ठरवते, तर एवढ्या मोठ्या संसदेचे काम ते काय? नुसते हात वर करायचे?

या प्रश्नाचे उत्तर कलमे पाठ करून मिळण्यासारखे नाही. त्यापेक्षा आपल्या दाराशी असलेल्या एका संस्थेची गोष्ट पाहू. ती संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायत. ती आज राज्यघटनेत आहे. पण तिथवर पोचायला तिला किती वळसे घ्यावे लागले, हे पाहिले म्हणजे संसद धोरण कसे घडवते, ते आपोआप ध्यानात येते.

सुरुवात घटना समितीपासून करू. १९४८ साली घटनेचा जो मसुदा चर्चेला आला, त्यात ग्रामपंचायतीचा उल्लेखच नव्हता. अनेक सभासदांनी त्यावर जोराची टीका केली. खेड्यांच्या देशाच्या घटनेत खेडे नसावे, हे कसे? तेव्हा नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संथानम् या सभासदांनी दुरुस्ती सुचवली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम. राज्याने ग्रामपंचायती स्थापन कराव्यात आणि त्यांना अधिकार द्यावेत, असे ते सांगते. पण हे मार्गदर्शक तत्त्व. ते पाळले नाही म्हणून कोर्टात दाद मागता येत नाही.

पुढे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीचा अहवाल आला. महाराष्ट्राने १९६१ चा कायदा करून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू केल्या. पण देशभर पाहिले तर चित्र बरे नव्हते. कित्येक राज्यांत पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे होत नसत. निवडून आलेली मंडळी दूर करून कारभार अधिकाऱ्याच्या हाती दिला, तरी विचारणारे कोणी नसे. घटनेतच आधार नाही, तर कायद्यात तो कोठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असा प्रकार.

आता मुख्य भागाकडे येऊ. मे १९८९ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी पंचायतींसाठी ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. लोकसभेत त्यांच्या पक्षाचे चारशेहून अधिक सभासद होते. विधेयक तेथे सहज मंजूर झाले. पण घटनादुरुस्तीचा नियम कडक आहे. दोन्ही सभागृहांत, प्रत्येक सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मते पडावी लागतात. राज्यसभेत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, ती मते थोडक्यात कमी पडली आणि विधेयक पडले. विरोधकांचा आक्षेप पंचायतींना नव्हता. पंचायतींच्या नावाने केंद्र राज्यांना बाजूला सारते आहे, असा त्यांचा संशय होता.

१९९० साली दुसऱ्या सरकारने नवे विधेयक आणले. पण ते सरकार गेले, लोकसभाही बरखास्त झाली आणि विधेयक तसेच रद्दबातल ठरले. सप्टेंबर १९९१ मध्ये नरसिंह राव यांच्या सरकारने तिसऱ्यांदा विधेयक मांडले. या वेळी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. नाथूराम मिर्धा हे तिचे अध्यक्ष होते. समितीत निरनिराळ्या पक्षांचे लोक एकत्र बसले, त्यांनी एकेक कलम तपासले. अखेर २२ डिसेंबर १९९२ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने विधेयक मंजूर केले. त्यानंतर निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी संमती दिली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली.

आता यातली गंमत पाहा. ज्या सरकारपाशी लोकसभेत प्रचंड बहुमत होते, त्याचे विधेयक पडले. आणि ज्या सरकारला लोकसभेत स्वतःचे बहुमतसुद्धा नव्हते, त्याचे विधेयक मंजूर झाले! कारण दुसऱ्या वेळी इतरांचे ऐकून घ्यावे लागले, पटवून द्यावे लागले, थोडे सोडावे लागले. संसद धोरण लिहीत नाही असे क्षणभर मानले, तरी ती ते चाळणीतून काढते. जे नको ते अडवते, जे हवे ते घालते, आणि आज एका पक्षाचे असलेले धोरण उद्या साऱ्या देशाचे करते. १९८९ चा नकारही म्हणून वाया गेला असे म्हणता येत नाही.

या घटनादुरुस्तीने काय दिले? ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. पंचायतीची मुदत पाच वर्षांची ठरली, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे बंधन आले. निवडणुका घेण्यासाठी राज्य निवडणूक आयोग आणि पैशाच्या वाटणीची शिफारस करण्यासाठी राज्य वित्त आयोग आला. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा हा वाटा निम्म्यापर्यंत नेला. आदिवासी भागांसाठी संसदेने १९९६ साली वेगळा कायदा केला आणि तेथील ग्रामसभांना अधिक अधिकार दिले.

पण जे सोडले गेले, तेही सांगितले पाहिजे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत : शेती, पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक व माध्यमिक शाळा वगैरे. हे विषय पंचायतींकडे 'सोपवता येतील' असे घटना म्हणते. 'सोपवलेच पाहिजेत' असे म्हणत नाही. तो निर्णय राज्यांच्या विधानमंडळांवर ठेवला. राज्यांची संमती मिळाली ती या मोकळिकीमुळेही. त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. काम पंचायतीच्या नावावर, पैसा आणि माणसे मात्र दुसऱ्याच्या हाती, असे पुष्कळ ठिकाणी दिसते.

आणि जे बंधन स्पष्ट शब्दांत घातले, ते तरी नेहमी पाळले गेले का? आपल्याच राज्यात २०२२ साली पुष्कळशा जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात होता. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तीन वर्षे गावच्या शाळेच्या छपराविषयी, पाण्याच्या योजनेविषयी ज्याला हक्काने जाब विचारावा, असा निवडून दिलेला माणूस जिल्हा परिषदेत नव्हता. संसदेने कायदा केला म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

कायदा झाल्यावरही संसदेचे काम चालूच असते. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. ग्रामविकास आणि पंचायतराज यांसाठी संसदेची स्थायी समिती आहे. ती दरसाल मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासते, अधिकाऱ्यांना विचारते, अहवाल देते. संसदेच्या मंजुरीवाचून केंद्राच्या तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही. पण हे प्रश्न खासदाराला सुचणार कोठून? गावातून त्याच्याकडे काही पोचले, तरच ना!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला वरच्या वर्गांतील मुलांपुढे ते २९ विषय वाचून दाखवा आणि त्यांतले कोणते काम आपली पंचायत खरोखर करते, याची यादी मुलांनाच करू द्या. गावकरी मंडळींनी ती यादी पुढच्या ग्रामसभेत वाचावी. जे काम होत नाही, त्याला अधिकार कमी पडतो, पैसा कमी पडतो की नुसता उत्साह कमी पडतो, हे विचारावे. अधिकाराचा प्रश्न असेल तर आमदाराला लिहावे, केंद्राच्या पैशाचा असेल तर खासदाराला. उत्साहाचा असेल, तर मात्र मुंबई-दिल्लीला कागद पाठवण्याची गरज नाही. तो प्रश्न त्याच ग्रामसभेत सुटू शकतो.